माझ्या नावाने कोण शोधतंय

लॅपटॉपवर वकिलांच्या जाहिराती यायला लागल्या तेव्हा मी आधी पुष्करवर ओरडले. नवरा घरातच असताना ओरडायला लांब कशाला जायचं? ग्रोसरीच्या दुकानाचं भावपत्रक उघडलं होतं, आणि टोमॅटोच्या अगदी शेजारी काळा कोट घातलेला एक माणूस हाताची घडी घालून उभा. अटकपूर्व जामीन, तातडीची सेवा, नागपूर. मी कॅनडात, कनाटात बसून टोमॅटोचे भाव बघून राहिले आणि नागपूरचा वकील मला जामीन मिळवून द्यायला तयार.

"माझ्या लॅपटॉपवर काय शोधून राहिला रे तू?" मी विचारलं.

"मी तुझ्या लॅपटॉपला हातसुद्धा लावत नाही," पुष्कर म्हणाला. "त्याचा पंखा ऐकला की वाटतं आता हे उडणार." पुण्याचा आहे. सरळ उत्तर दिलं तर याला ताप येतो.

दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ नागरिकांच्या मुदत ठेवीची जाहिरात आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा वकील, या वेळी फौजदारी. मी टेलिकॉम कंपनीत टेस्टिंगला आहे, दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर कुठे गळतं ते शोधायचाच मला पगार मिळतो. जाहिराती हवेतून येत नाहीत, एवढं मला कळतं. आपण काहीतरी शोधलं, काहीतरी बोललो, कुठेतरी रेंगाळलो, म्हणून त्या येतात. मी तर जामीन शोधला नव्हता. मग कोणी शोधला? हा प्रश्न डोक्यात शिरला तो निघेना. मी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली. ऑफिसातून आल्यावर फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लागले. ऊर्मी, माझी आठ वर्षांची मुलगी, म्हणाली, "आई, यू आर बीइंग सो वीअर्ड." मी हसले, पण मनातून मला भीती वाटत होती, आणि कशाची ते सांगता येत नसल्यामुळे जास्त वाटत होती.

शनिवारी सकाळी ठरवलं, हा ब्राउझर आज घराबाहेर. दुसरा घ्यायचा, जो माझ्यावर पाळत ठेवणार नाही आणि या म्हाताऱ्या लॅपटॉपला धाप लावणार नाही. बाहेर रात्रभर बर्फ पडला होता. पुष्कर ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून आला आणि बूट काढता काढता बघतो तर मी डायनिंग टेबलावर तीन नवे ब्राउझर मांडून बसलेली.

माझी पद्धत साधी होती. तिन्हींत तीच पानं उघडायची: बँकेचं, ग्रोसरीचं आणि नागपूरच्या एका पेपरचं. त्या पेपरच्या पानावर बातमी कमी आणि उड्या मारणाऱ्या जाहिराती जास्त, म्हणून परीक्षेला उत्तम. पान उघडायला किती वेळ लागतो, मेमरी किती खातो, माझ्या मागावर येणाऱ्या किती जणांना दारातच अडवतो. पहिला वाऱ्यासारखा पळाला, पण उघडल्या उघडल्या माझं नाव, ईमेल, वाढदिवस विचारायला लागला. दुसऱ्याने सगळ्यांना अडवलं, अगदी माझ्या बँकेलासुद्धा. तिसरा बरा होता. हळू नाही, आगाऊ नाही, विचारल्याशिवाय बोलत नाही.

"लग्नाच्या वेळी माझी एवढी चौकशी केली नव्हतीस," पुष्कर कॉफी ओतत म्हणाला.

"म्हणूनच आता करून राहिले."

तिसऱ्याने विचारलं, जुन्या ब्राउझरमधून काय काय आणायचं? मी म्हटलं काहीच नको, नव्या घरात जुनी भांडी कशाला. पण पुष्कर मागून ओरडला, "हिस्टरी आण हं. ऊर्मीच्या स्विमिंगच्या रजिस्ट्रेशनची लिंक त्यातच कुठेतरी आहे, मला परत सापडणार नाही." मी कुरकुरत खूण केली. मिनिटभरात सगळं आलं.

माझ्या योगाच्या क्लासची साईट उघडून बघावी म्हणून मी वरच्या पट्टीत वाय टाइप केला. ओ दाबायच्या आत खाली सुचवलेली ओळ आली. रोमन अक्षरांत माझं नाव. यामिनी वैरागडे कनाटा पोलीस.

मी हात मागे घेतला. मी माझं नाव कधी शोधत नाही. आणि पोलीस कशाला शोधीन? त्याच्या खाली आणखी एक ओळ होती, यामिनी वैरागडे अरेस्ट वॉरंट कॅनडा. त्याच्या खाली इंग्रजीतच, यामिनी वैरागडे अटकेत असेल तर कॅनडात तिचं मूल कोण घेऊन जातं.

"पुष्कर," मी म्हटलं. पुन्हा म्हटलं, "पुष्कर, इकडे ये."

तो आला, वाचलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. दहा वर्षांच्या संसारात मी ते जाताना फार थोड्या वेळा बघितलंय. "हे तू नाही?" त्याने विचारलं.

"मी भैताड आहे का असलं शोधायला?"

मी उठले आणि धावत बेसमेंटमध्ये गेले. ऊर्मी पांघरुणात बसून कार्टून बघत होती. मी तिला जवळ घेतलं, तिने मान वाकडी करून टीव्हीकडे बघणं चालूच ठेवलं. "व्हॉट हॅपन्ड?" म्हणाली. "काही नाही, बघ तू," मी म्हटलं. कोणीतरी माझ्या अकाउंटमध्ये शिरून माझ्याबद्दल, माझ्या पोरीबद्दल चौकशी करत होतं. तिला कोण घेऊन जातं, हे कोणाला कशासाठी पाहिजे? वर येताना मी मागच्या दाराचं कुलूप ओढून बघितलं. त्याचा काही उपयोग नव्हता हे मला कळत होतं, तरी ओढलं.

"आधी पासवर्ड बदल," पुष्कर म्हणाला. "आणि सगळीकडून साइन आउट मार. कोण आहे ते नंतर बघू, आधी त्याला बाहेर काढ."

मी जे ऑफिसात दुसऱ्यांना ओरडून सांगते तेच करायला हवं होतं. आधी यादी वाच, कुठली कुठली मशिनं आत आहेत ते बघ, मग बटण दाब. काही वाचलं नाही. नवा पासवर्ड टाकला, सगळ्या मशिनांवरून साइन आउट, हो, नक्की, हो. झालं. पुष्करने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला जरा श्वास घेता आला.

मग मी ती हिस्टरी सावकाश, पहिल्यापासून वाचायला घेतली. तिथे त्या माणसाने चार-पाच दिवसांत काय काय शोधलं होतं ते सगळं होतं. अटकपूर्व जामीन किती दिवसांत मिळतो. मुदत ठेव आधी मोडली तर काय. परदेशात पाठवलेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले तर शिक्षा. आणि मग मराठीत एक ओळ आली. व्हिडिओ कॉल बंद केला तर पोलीस घरी येतात का.

त्याखाली होतं, मुलगी कॅनडात असेल तर तिला न कळवता जामीन मिळतो का.

मी ते दोनदा वाचलं. ही भीती आधीच्यापेक्षा वेगळी होती.

"पुष्कर, हे बाबा आहेत."

"कोण बाबा?"

"माझे बाबा! नागपूरचे! आणखी किती बाबा आहेत मला?"

पुष्कर खुर्चीत बसला. मग हळूच म्हणाला, "त्यांचा फोन."

आई गेली त्या वर्षी आम्ही नागपूरला होतो तेव्हा पुष्करने बाबांना नवा फोन घेऊन दिला होता. जावयाने घेतलेला म्हणून बाबांनी तो शेजारीपाजारी मिरवला. ऊर्मीचे फोटो त्यांच्याकडे आपोआप दिसावेत, म्हाताऱ्या माणसाला पाठवापाठवीचा त्रास नको, म्हणून पुष्करने त्या फोनवर सरळ माझंच अकाउंट टाकून दिलं होतं. म्हणजे बाबा तिकडे जे शोधायचे ते इकडे माझ्याच नावावर जमा व्हायचं.

"माझं अकाउंट? मला न विचारता?"

"तूच तर किचनमधून पासवर्ड ओरडून सांगितलास. तू पुऱ्या तळत होतीस."

ओरडले असेन. आता भांडायला वेळ नव्हता. बाबांना काय झालंय ते माझ्या डोळ्यांसमोर लख्ख होतं. डिजिटल अटक. खोटे पोलीस व्हिडिओवर येतात, तुमच्या नावाने पार्सल सापडलं म्हणतात, कॅमेरा बंद करायचा नाही, घराबाहेर जायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. आपल्याकडच्या पेपरात इतकं छापून आलंय की दिवाळीत बाबांनीच मला त्यावरचा सावधगिरीचा मेसेज फॉरवर्ड केला होता. त्यांना सगळं माहीत होतं. फक्त त्या मेसेजमध्ये मुलीचं नाव नव्हतं. यांनी माझं नाव घेतलं, आणि तिथे बाबांची अक्कल संपली.

मंगळवारी ते फोनवर म्हणाले होते, सर्दी आहे, व्हिडिओ नको. पोरीला जप, म्हणाले. मी म्हटलं, हो हो, वाफ घ्या. आणि फोन ठेवला.

आता मी शेवटची ओळ वाचली. ती त्या दिवसाचीच होती, आमच्या पहाटेची, म्हणजे तिकडे दुपारची. आरोपी वारला तर घरच्यांवरची केस बंद होते का.

अगं माय. मी पुष्करला ती ओळ बोटाने दाखवली. तो फोन घेऊन उठलाच. त्याचा शाळेतला मित्र निमिष नागपुरात असतो, वर्धमाननगरकडे, बाबांच्या घरापासून शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. पुष्कर त्याला म्हणाला, सायबर हेल्पलाइनला कळव, पोलिसांना पत्ता दे, आणि तू स्वतः निघ.

मी बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, त्यांनी कापला. मेसेज आला, "कामात आहे. नंतर." चौदा वर्षं झाली माणसाला रिटायर होऊन. मी लिहिलं, बाबा, ते पोलीस खोटे आहेत, फोन बंद करा, मी मजेत आहे. मेसेज पोचला, वाचला गेला. उत्तर नाही. मी थांबले, तिकडे बघत बसले. आणि मग मला ब्लॉक केलं गेलं.

मला वाटलं निदान हिस्टरीत बघावं, काही नवीन शोधताहेत का, म्हणजे जागेवर आहेत एवढं तरी कळेल. मी पान ताजं केलं. काही नाही. काही येणारच नव्हतं, मीच त्यांना बाहेर काढलं होतं.

बाबांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये वनिताकाकू राहतात, त्यांना फोन लावला. आईची मैत्रीण, खणखणीत बाई. "काहून ग, एवढ्या वेळचा फोन?" त्या म्हणाल्या. मी कसंबसं सांगितलं. काकूंचा आवाज उतरला. "बाप्पा! तरीच म्हटलं, भाऊजी चार दिवस फिरायला नाही आले. काल मी पोहे घेऊन गेली तर दार फटीएवढं उघडलं. म्हणाले, पोट बरं नाही. मला वाटलं असेल बुवा."

"काकू, आत्ता जा. फोन चालू ठेवा, स्पीकरवर टाका. आणि काही झालं तरी दारातून हलू नका."

"पोलिसांना बोलवू का?"

"निमिषने कळवलंय, ते येतील. पण काकू, वर्दी दारात बघितली तर बाबा काय करतील सांगता येत नाही. त्यांच्या मनात बरं नाहीये काहीतरी. त्याच्या आधी दार उघडायला पाहिजे."

काकूंनी "काय मनात आहे?" असं विचारलं नाही. त्यांच्या चपला वाजल्या, मग बेल वाजली. एकदा, दोनदा. मी फोन कानाला इतका दाबला होता की दुखत होतं. समोर पुष्कर दुसऱ्या फोनवर निमिषला म्हणत होता, कुठे पोचलास, कुठला सिग्नल.

"कोण आहे?" बाबा. दाराच्या आतून, अगदी बारीक आवाजात.

"मी वनिता. भाऊजी, दार उघडा बरं."

"बरं नाही हो मला. उद्या या."

"बाबा!" मी ओरडले. "बाबा, मी यामू! दार उघडा!"

मग त्यांचा आवाज आला, आणि तो हिंदीत होता. बाबा माझ्याशी आयुष्यात हिंदी बोलले नाहीत.

"मॅडम," ते म्हणाले, "मैंने किसी को कुछ नहीं बताया. आपने बोला था, बेटी की आवाज में टेस्ट लेंगे. मैंने मेसेज का जवाब नहीं दिया. उसको ब्लॉक भी कर दिया. मैं टेस्ट में फेल नहीं हुआ, मॅडम."

"बाबा, मी आहे हो. मीच आहे. ऊर्मी इथेच आहे, बेसमेंटमध्ये. तुम्ही मला चिमा म्हणायचे, आईने केलेली पुरणपोळी…" मी काय वाट्टेल ते बोलून राहिले होते.

"मॅडम, मैं हाथ जोड़ता हूँ," बाबा म्हणाले. आवाज रडका झाला होता. "अभी थोड़ी देर पहले मेरी बेटी का अकाउंट आपने ले लिया. फोन से सब चला गया. बच्ची के सब फोटो चले गए. मैं समझ गया मॅडम, आप सच में कर सकते हैं. मेरी बेटी को छोड़ दीजिए. जो करना है मुझे कीजिए."

मी तोंडावर हात ठेवला. त्या हरामखोरांनी चार दिवस नुसत्या धमक्या दिल्या होत्या. त्यांच्या हातात काही नव्हतं. माझ्या पोरीचे फोटो बाबांच्या फोनवरून मी घालवले होते, इथे बसून, एका बटणाने, आणि बाबांना वाटलं सरकार माझ्या घरात शिरलं.

आतून लांबून एका पुरुषाचा आवाज आला, फोनच्या स्पीकरमधून येतो तसा. "कौन है उधर? जल्दी वापस आइए." बाबा म्हणाले, "आया साहब, आया," आणि मला त्यांची पावलं दारापासून दूर जाताना ऐकू आली.

"भाऊजी! अहो भाऊजी!" काकू दार बडवायला लागल्या. "यामिनी, ते चालले ग!"

ती खोली मला माहीत आहे. आत गेले, आतून कडी घातली, तर निमिष येईपर्यंत, पोलीस येईपर्यंत, काय होईल मला माहीत नव्हतं, आणि ती शेवटची ओळ डोळ्यांसमोरून हलत नव्हती. बाबा पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं होते. मुलीचं ते प्रेमाने ऐकतात, हसतात, आणि शेवटी आपलंच करतात. साहेबाचं मात्र त्यांनी कधी मोडलं नाही. रजेवर असताना साहेबाचा फोन आला तरी ते खुर्चीतून उठून उभे राहायचे, आणि आई पदर तोंडाला लावून हसायची.

मी डोळे पुसले. घसा साफ केला. ऑफिसात एखाद्याने खोटा रिपोर्ट पाठवला की जो आवाज काढते तो काढला, आणि हिंदीत म्हटलं, "शरदचंद्र वैरागडे!"

पावलं थांबली.

"वापस आइए. दरवाजे के पास."

"जी मॅडम." लगेच. अगदी लगेच.

पुष्कर फोनवर बोलता बोलता थांबून माझ्याकडे बघायला लागला.

"आपका टेस्ट हो गया," मी म्हटलं. "आप पास हैं. आपकी बेटी का नाम केस से निकाल दिया है. अब मेरा ऑर्डर सुनिए. अंदर वाले साहब को कुछ नहीं बोलना. उस फोन को हाथ नहीं लगाना. समझे?"

"जी मॅडम."

"दरवाजा खोलिए."

कडीचा आवाज नाही. मला वाटलं संपलं, चुकलं माझं काहीतरी. मग बाबांनी विचारलं, "मॅडम, बच्ची के फोटो?"

मला रडू फुटलं असतं तर सगळं गेलं असतं. मी टेबलाची कड धरली. "मिल जाएंगे," मी म्हटलं. "पहले दरवाजा. अभी. नहीं तो फिर नाम डालूँगी."

असं बोलले मी, माझ्या बापाला, त्याच्या पोरीच्या नावाने.

कडी निघाली. दार उघडल्याचा आवाज, काकूंचं "अरे देवा, भाऊजी, काय करून घेतलं हो," मग धडपड, आणि आतल्या खोलीत तो माणूस मोठ्याने शिव्या द्यायला लागला. काकूंनी आत जाऊन तो फोन उचलला आणि कणकेच्या डब्यात खुपसून झाकण लावलं. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच ऐकू आलं की शिव्या एकदम बंद झाल्या, आणि काकू म्हणताहेत, "बसा. इथे बसा. मी कुठे जात नाही."

निमिष पोचला, त्याच्या मागोमाग पोलीस पोचले, खरे. काकू बाबांच्या शेजारीच बसून राहिल्या. बँक सोमवारी उघडणार होती आणि तेव्हा ते त्यांना ठेव मोडायला पाठवणार होते, म्हणजे पैसे वाचले. लोक आता फोन करून तेच म्हणतात, नशीब, पैसे वाचले. मी हो म्हणते.

आमच्याकडे दुपार झाली होती. ऊर्मी वर आली, म्हणाली, "व्हाय वर यू येलिंग इन हिंदी?" पुष्करने तिला उचलून घेतलं आणि सँडविच करायला नेलं. मी त्या तिसऱ्या ब्राउझरसमोर तशीच बसले होते. तो अजून विनम्रपणे विचारत होता, बंद करताना सगळी हिस्टरी पुसून टाकू का? आठवड्यापूर्वी घेतला असता तर मी पहिल्यांदा त्यालाच हो म्हटलं असतं. जाहिराती दिसल्या नसत्या, माझं नाव दिसलं नसतं, ती शेवटची ओळ दिसली नसती. मी छान, स्वच्छ, वेगवान ब्राउझरमध्ये टोमॅटो बघत बसले असते. या विचाराने मला अजून धस्स होतं.

संध्याकाळी पुष्कर चाचरत म्हणाला, "बाबांच्या फोनवर तुझंच अकाउंट परत टाकायचं का? म्हणजे लक्ष राहील."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "माणूस आहे तो. त्याला त्याचं स्वतःचं काही शोधायचं असेल की नाही?" निमिषने बाबांना त्यांचं स्वतःचं अकाउंट काढून दिलं, फोटो मी रोज हाताने पाठवते. पण खरं सांगू? सकाळी उठले की पहिल्यांदा वाटतं, बघावं. आज काय शोधलं असेल त्यांनी. कोणी पुन्हा गाठलं तर मला कसं कळणार?

बाबा काही दिवस काकूंकडेच झोपले. मग निमिषच्या बायकोने, जॉर्जिनाने, आपला जुना टॅबलेट त्यांना नेऊन दिला आणि त्यावर आम्ही पहिल्यांदा व्हिडिओवर भेटलो. दाढी वाढलेली. कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून ते भिंतीकडे बघत होते. ऊर्मीने "हाय आजोबा" म्हटलं तेव्हा हसले. ती खेळायला गेली तसे परत भिंतीकडे बघायला लागले.

"फार त्रास दिला ना हो त्यांनी?" मी म्हटलं.

"ते ओरडणारे होते ना, त्यांचं काही नाही," बाबा म्हणाले. "साहेब लोक ओरडतातच. मी शेवटी त्या मॅडमला घाबरलो."

काकू त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"बाकीचे नुसते बोलत होते ग. तिने खरोखर फोटो नेले. आणि म्हणाली, दार नाही उघडलं तर पोरीचं नाव पुन्हा घालीन." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि आवाज अगदी तुझा. हुबेहूब. आता तुझा फोन वाजला ना, की आधी मला तीच वाटते. राग नको मानू. उचलायला वेळ लागतो तो त्याच्यामुळे."

"नाही हो मानत राग," मी म्हटलं. "ती आता नाही येणार, बाबा."

बाबा पहिल्यांदा कॅमेऱ्याकडे, माझ्याकडे नीट बघायला लागले. बराच वेळ बघत होते.

"नक्की ना?" त्यांनी विचारलं.